लोकर आम्ही आणून देऊ

निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली, की आमच्या नाशकात दोन गोष्टी घडतात. शरणपूर रोडवरच्या तिबेटियन मार्केटात गर्दी वाढते आणि आमच्या घराची बेल वाजू लागते. दारात कुणीतरी काकू. हातात पिशवी, पिशवीत लोकर आणि तोंडात ते ठरलेले वाक्य, "वहिनी, एवढा एक स्वेटर विणून द्या ना. लोकर आम्ही आणलीय."

माझी तक्रार या वाक्याविरुद्ध आहे. लोकर आणलीत म्हणजे उपकार केलेत काय? गवंड्याला सिमेंट आपणच आणून देतो, म्हणून तो भिंत फुकट बांधतो? औषध आपण मेडिकलातून आणतो, म्हणून डॉक्टर फी सोडतो? हातात सुया धरलेल्या बाईपुढेच तेवढा आपला हिशेब कच्च्या मालापाशी थांबतो.

मी बी.कॉम. आहे आणि बँकेत कारकून. आकडा मांडल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. मागच्या हिवाळ्यात ही एका काकूंच्या यजमानांचा स्वेटर विणत होती, तेव्हा मी शेजारी बसून मोजणी केली. पाठीला १२० टाके, ओळी १७०. गुणाकार २०,४००. हिचा हात मिनिटाला २५ टाके. म्हणजे नुसत्या पाठीला साडेतेरा तास. पुढचा भाग तेवढाच, दोन बाह्या मिळून जवळपास तेवढ्याच. झाले चाळीस तास! गळा, जोडणी आणि "जरा सैल करा हो, यांचं पोट सुटलंय" म्हणून उसवलेल्या ओळी मी धरलेल्याच नाहीत. ताशी ५० रुपये लावले तरी २,००० रुपये होतात. काकूंनी दिल्या डबाभर तिळाच्या वड्या. डबा दुसऱ्या दिवशी मागून नेला.

वर म्हणायचे, "तुमचा वेळही छान जातो." घालवायला वेळ आहे कुणाकडे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटे निघाली, पुरुषांची ८८. (त्या ८८ मध्ये माझी किती, हा खासगी प्रश्न आहे.) खरी गंमत पुढेच. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय हिशेबाच्या नियमांत घरी लाटलेली पोळी देशाच्या उत्पादनात धरत नाहीत. घरी शिवलेला-विणलेला कपडा मात्र तत्त्वतः धरतात. म्हणजे न्यूयॉर्कच्या हिशेबनिसांना स्वेटर दिसतो, आमच्या कॉलनीला दिसत नाही!

गोधडीचेही तेच. आजीने जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवली, तेव्हा ती चिंध्यांची. तीच प्रदर्शनात 'हँडमेड क्विल्ट' होऊन टांगली, की हेच लोक घासाघीस न करता पाकीट काढतात. क्रोशाच्या रुमालांचे तर दिवसच फिरले. टीव्ही भिंतीला चिकटला आणि बिचाऱ्यांना बसायला जागा उरली नाही.

"आवड आहे हो त्यांना," असाही एक युक्तिवाद असतो. मला बेरजा आवडतात. म्हणून बँकेने माझा पगार थांबवलेला नाही. भाच्यासाठी ही आपणहून टोपडे विणते, त्याचे बिल मी कुणाला पाठवणार नाही. माझे भांडण भेटीशी नाही, ऑर्डरीशी आहे.

ही म्हणते, "अहो, शेजारधर्म असतो." रात्री मान धरते तेव्हा शेकायला मी असतो, शेजारधर्म येत नाही. म्हणून यंदा दाराशी पाटी लावायचे ठरवले आहे : 'लोकर तुमची, ताशी ५० रुपये.' काल पाट्या रंगवणाऱ्याकडे गेलो. त्याने चारशे सांगितले.

"आणि रंग मी आणून दिला तर?" मी मुद्दामच विचारले.

"तरी चारशेच," तो मान वर न करता म्हणाला.

मी आनंदाने सगळे पैसे आगाऊ दिले आणि वर चहा पाजला.