बदलीवरचे शिक्षक

कोरोनाच्या महामारीस आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या दिवसांत डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि सफाई कामगार यांच्या सेवेची समाजाने नोंद घेतली. 22 मार्च 2020 रोजी देशभर टाळ्या वाजल्या, थाळ्याही वाजल्या. पुढे शिक्षकांचीही थोडीबहुत आठवण निघाली. पण आजारी वा विलग ठेवलेल्या शिक्षकाच्या जागी, दिवसाच्या मोबदल्यावर, अनोळखी मुलांच्या वर्गात जे उभे राहिले त्या बदली शिक्षकांची नोंद कोठे झालीच असेल, तर ती हजेरीपटाच्या समासात. आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत, याचे कारण हा प्रश्न महामारीबरोबर संपलेला नाही, आणि तो केवळ दूरच्या देशाचाही नाही.

अमेरिकेत बदली शिक्षकांची रीतसर व्यवस्था आहे. प्रत्येक शिक्षण जिल्हा अशा व्यक्तींची यादी ठेवतो. पहाटे एखाद्या शिक्षकाने रजा कळविली की यादीतील कोणाला तरी बोलावणे जाते आणि तासा-दोन तासांत ती व्यक्ती वर्गावर हजर होते. या यादीत निवृत्त शिक्षक असतात, घर सांभाळून काही तास काम करू पाहणाऱ्या माता असतात, आणि विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणारे तरुण-तरुणीही मोठ्या संख्येने असतात. विद्यावेतनात घरभाडे भागत नाही. तासिका बहुधा सायंकाळी असतात. मग सकाळ सहा वर्षांच्या मुलांच्या संगतीत आणि रात्र प्रबंधाच्या संगतीत, असा त्यांचा दिनक्रम ठरतो. (आपल्याकडून तिकडे शिकावयास गेलेल्या मुलांना हा मार्गही सहसा मोकळा नसतो, विद्यार्थ्याच्या व्हिसावर विद्यापीठाबाहेर काम करण्यावर कडक निर्बंध आहेत.) या कामाचे पैसे दिवसावारी मिळतात. ज्या दिवशी बोलावणे नाही त्या दिवशी कमाई नाही, आणि आरोग्यविमा बहुतेकांना मिळत नाही. ज्या देशात रुग्णालयाची पायरी विम्यावाचून चढता येत नाही, त्या देशात साथीच्या दिवसांत बंद खोलीत वीस-पंचवीस मुलांबरोबर सहा तास घालविण्याचा हा व्यवहार होता. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना तेथे लस मिळू लागली ती नोव्हेंबर 2021 मध्ये. तोपर्यंत बालवर्गातील एकही मूल लस घेतलेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तरुणांनी काय पत्करले याची कल्पना येईल.

मार्च 2020 मध्ये तेथील 5 कोटींहून अधिक मुलांच्या शाळा बंद झाल्या. त्या टप्प्याटप्प्याने उघडल्या खऱ्या, पण जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि शिक्षकच एकामागून एक आजारी पडू लागले. मग काय काय झाले! न्यू मेक्सिको राज्याने नॅशनल गार्डच्या जवानांना बदली शिक्षक म्हणून वर्गांवर धाडले. राज्याच्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम स्वतः सँटा फे येथील बालवर्गावर जाऊन उभ्या राहिल्या. ओक्लाहोमात सरकारी कर्मचाऱ्यांना वर्गावर जाण्याची मुभा मिळाली. कॅन्सस राज्याने तर शालान्त शिक्षण पुरे केलेल्या अठरा वर्षांच्या तरुणासही तात्पुरता परवाना देऊ केला. गव्हर्नरबाईंचे आम्हांस कौतुकच वाटते. आमच्याकडील किती मंत्री दिवसभर पहिलीचा वर्ग सांभाळू शकतील, याविषयी आम्ही तूर्त मौन पाळतो. परंतु शिपायाला फळ्यासमोर उभे करावे लागणे हे शौर्याचे लक्षण खचित नव्हे. भिंत आधीच पोखरलेली होती, साथीने केवळ तिला धक्का दिला.

लहान मुलांच्या वर्गावर बदलीने जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते केलेले नाही त्यांना समजणे कठीण आहे. महाविद्यालयात एखादा प्राध्यापक आला नाही तर विद्यार्थी आनंदाने उपाहारगृहाकडे वळतात. पहिलीतल्या मुलाला मात्र आपल्या बाई न दिसणे हे जग हलल्यासारखे असते. कोणाला रडू लवकर येते, कोण डबा खात नाही, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाशेजारी कोणाला बसवू नये, हे सारे ज्ञान वर्गशिक्षिकेपाशी असते आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. बदलीवर आलेल्या शिक्षकाच्या हाती फार तर एक चिठ्ठी पडते. त्यात त्या दिवसांत तोंडावर मुखपट्टी. मूल अक्षराचा उच्चार शिकते ते ऐकून आणि ओठांकडे पाहून. ओठच झाकलेले असताना नव्या माणसाने प आणि ब यांचा भेद कसा दाखवावा? एखाद्या मुलाच्या घरी आजी गेलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते मूल दिवसभर बाकावर डोके टेकून का बसले आहे, हे त्याने ओळखावयाचे असते. आणि मध्येच प्रश्न येतो, "आमच्या बाई केव्हा येणार?" याचे उत्तर शाळेलाही ठाऊक नसते.

असा दिवस संपवून घरी परतलेल्या तरुणाने रात्री प्रबंधाची टिपणे काढावयाची! ग्रंथालये बंद, प्रयोगशाळा बंद, मार्गदर्शक पडद्यावर. पदवीचे वेळापत्रक मात्र फारसे थांबत नव्हते. या वर्गाची कोंडी पुढे निराळ्या रीतीने बाहेर आली. नोव्हेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे 48,000 शैक्षणिक कामगारांनी संप केला. त्यांत पदव्युत्तर अभ्यास करीत विद्यापीठात शिकविणारे विद्यार्थी फार मोठ्या संख्येने होते आणि त्यांचा मुख्य मुद्दा हाच होता की मिळणाऱ्या वेतनात त्या गावात राहता येत नाही.

मुलांचे काय झाले, तेही पाहावे. 2022 मधील अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत नऊ वर्षांच्या मुलांचे सरासरी गुण 2020 च्या तुलनेत वाचनात 5 आणि गणितात 7 अंकांनी खाली आले; गणितात अशी घसरण त्या चाचणीने पूर्वी कधी नोंदविली नव्हती. 2021 च्या साहाय्य योजनेतून शाळांसाठी सुमारे 122 अब्ज डॉलर दिले गेले. तो निधी कामी लावण्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. संकटकाळी वाढविलेली पदे आणि मोबदला पुढे कशाच्या बळावर टिकवावयाचा, हा प्रश्न शाळांपुढे उरला.

येथे आमच्या गोमंतकाकडे वळणे भाग आहे. आमच्या प्राथमिक शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या त्या फेब्रुवारी 2022 मध्ये उघडल्या. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने वर्ग पाहिला तो दुसरी संपत आली तेव्हा! मधल्या काळात सत्तरी-सांगेच्या गावांत मोबाईलची रेंज शोधीत मुले डोंगर चढत होती, हे वाचकांस स्मरत असेल. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण देशात 2018 मधील 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर आलेले दिसले.

अमेरिकेची बदलीची व्यवस्था अपुरी ठरली. आपल्याकडे प्राथमिक स्तरावर अशी व्यवस्था जवळजवळ नाहीच. आमच्या कित्येक सरकारी प्राथमिक शाळा एकशिक्षकी आहेत. तेथील शिक्षिका आजारी पडली, प्रशिक्षणास गेली वा निवडणुकीच्या कामास जुंपली गेली, तर शेजारच्या शाळेतून कोणाला तरी पाठवावे लागते, म्हणजे एका शाळेचे भोक बुजविण्यासाठी दुसरीला भोक पाडावयाचे. प्रसूतीची रजा 180 दिवसांची असते आणि ती असावयासच हवी. पण त्या 180 दिवसांत पहिलीच्या वर्गाचे काय, याचे उत्तर आधीपासून तयार नको काय? अखेर गावातील कोणी पदवीधर मुलगी, स्वतः एम. ए. वा बी. एड. करीत असलेली, अल्प मानधनावर बोलावली जाते. सर्व शिक्षा अभियानाखाली नेमलेल्या पॅरा शिक्षिकांना कायम होण्यासाठी पणजीच्या रस्त्यावर उतरावे लागले होते. शेजारच्या महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन कित्येक वर्षे 6,000 रुपयांवर अडले होते. ते 16,000 झाले 2023 मध्ये.

शिकत शिकत शिकविणे ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. सावित्रीबाई फुले यांनी स्वतः शिकून, प्रशिक्षण घेऊन मुलींच्या शाळा चालविल्या, आणि 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव घेऊन पुरस्कार देणाऱ्या शासनांना एवढे विचारावेसे वाटते की, आज त्याच वाटेने चालणाऱ्या मुलीला तुम्ही दिवसाचे किती रुपये देता, आणि तिने वर्गात घालविलेले दिवस पुढे नेमणुकीच्या वेळी मोजता की नाही?

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक तालुक्यासाठी प्राथमिक शिक्षकांची एक राखीव तुकडी असावी. तिला बारमाही वेतन मिळावे, आणि बदली नसेल त्या दिवशी तिने मागे पडलेल्या मुलांचे वाचन घ्यावे. अध्यापक महाविद्यालयातील वा विद्यापीठातील विद्यार्थ्यांना या कामावर घ्यावयाचे झाल्यास आठवड्यातील दिवस ठरवून घ्यावे, त्यांच्या परीक्षा सांभाळाव्या आणि अनुभवाचा दाखला विनासायास द्यावा. तोवर शिक्षण खात्याने निदान एक आकडा जाहीर करावा: गेल्या शैक्षणिक वर्षात आमच्या एकशिक्षकी शाळांतील मुले किती दिवस शिक्षकावाचून बसली?