वळग बर्री, आत या!

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. शनिवार, संध्याकाळचे सहा. मी सेमिस्टरचे पेपर तपासत बसलो होतो आणि भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. हा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावी एम.एस. करतो. बहीण धारवाडला दिलेली, त्यामुळं त्याची भाषा म्हणजे आपल्या सीमाभागाचा चालता-बोलता नकाशा. "मामा, ऊट आत? नाही ना अजून? मग हे बघा, इथं सकाळी साडेआठला काय चाललंय!"

आणि त्यानं फोन गोल फिरवला. गोल्फचं मैदान होतं ते, पण गोल्फ खेळायला कुणी नव्हतं. हिरवळीवर नजर पोचेल तिथवर मोटारी, मोटारींना लागून तंबू, तंबूंपुढं शेगड्या आणि शेगड्यांवर धूर. आजोबा, नातवंडं, कुत्री, सगळ्यांच्या अंगात पिवळ्या आणि निळ्या रंगाचे कपडे. मला क्षणभर आपली यल्लम्माची जत्राच आठवली. बैलगाड्या सोडल्यात, चुली मांडल्यात, आणि दर्शनाची घाई कुणालाच नाही!

आपल्याकडं ट्रकचा मागचा फाळका सोडून त्यावर बसतात, जेवतात. तिथं त्या फाळक्याला टेलगेट म्हणतात, आणि सामन्याआधी गाडीमागं मांडलेल्या या पंगतीला टेलगेटिंग. मिसिसिपी राज्यात ऑक्सफर्ड गावच्या विद्यापीठात 'द ग्रोव्ह' नावाची झाडांची एक राई आहे. तिथल्या तंबूंत लोक चक्क झुंबरं टांगतात आणि चांदीच्या भांड्यांतून वाढतात म्हणे. नुसत्या सँडविचवर भागत नाही.

आता हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. आपला, म्हणजे जो कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमी जीव तोडून खेळतात तो. अमेरिकेतला चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला सामना झाला, तेव्हापासून हा खेळ तिथल्या कॉलेजांच्या रक्तात भिनला. व्यावसायिक संघ नंतर आले. आजही शनिवार कॉलेजांचा, रविवार व्यावसायिकांचा. एक लाखाहून अधिक आसनांची आठ मैदानं त्या देशात आहेत आणि आठही विद्यापीठांची आहेत. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमचे क्रीडाशिक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना गेली तीन वर्षं गोलपोस्टच्या जाळीसाठी पैसे मंजूर होत नाहीयेत.

आठांतलं सगळ्यात मोठं मैदान भाच्याच्या विद्यापीठाचं. १९२७ साली बांधलं. बाहेरून पाहिलं तर एवढं मोठं वाटत नाही, कारण बहुतेक भाग जमिनीखाली खोदलेला आहे. आपण कोल्हापूरचं खासबाग मैदान पाहिलंय, त्यामुळं ही कल्पना आपल्याला नवी नाही. आसनसंख्या १,०७,६०१. शेवटचा तो '१' फ्रिट्झ क्रिसलर या जुन्या प्रशिक्षकाच्या मानाखातर राखलेला. ती खुर्ची नेमकी कुठली, ते कुणी सांगत नाही. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अख्खं गाव मैदानात मावेल. ७ सप्टेंबर २०१३ ला नॉत्र दाम विद्यापीठाविरुद्ध १,१५,१०९ लोक होते.

"मग तू आत कधी जाणार?" मी विचारलं.

"मॅच बाराला. तिकीट आहे. पण मामा, इथंच मजा येत्येय हो. तंबूत टीव्ही पण लावलाय. बघतो, जमलं तर हाफटाइमपर्यंत जाईन."

मैदान समोर आहे, तिकीट खिशात आहे आणि पोरगा तंबूत बसून तोच सामना टीव्हीवर बघणार! हे काही त्याच्या एकट्याचं नाही, ते मला नंतर वाचताना कळलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांना आज हीच काळजी पोखरते आहे. गर्दी गावात येते, गाडीतळावर येते आणि खुर्चीवर मात्र येत नाही.

२०१८ च्या हंगामात वरच्या गटातल्या कॉलेज सामन्यांची सरासरी हजेरी जेमतेम ४२ हजारांवर आली. १९९६ नंतरचा हा नीचांक होता. त्यातही हे छापील आकडे विकलेल्या नि वाटलेल्या तिकिटांचे. त्याच वर्षी 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं फाटकावर प्रत्यक्ष तपासलेल्या तिकिटांची माहिती विद्यापीठांकडून मिळवली. जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच माणसं आत गेलेली निघाली. आमच्या हजेरीपत्रकाची आठवण झाली म्हणता? मलाही झाली.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. घरी मोठा पडदा, जवळ संडास, हवं ते खाणं. मैदानात तीन-साडेतीन तास कडक बाकावर बसायचं. त्यातला कितीतरी वेळ खेळ नुसता थांबलेला, कारण टीव्हीवर जाहिराती सुरू! पैसे मोजून आत बसलेला माणूस दुसऱ्याच्या जाहिराती संपायची वाट बघतो. सामना दुपारी बाराला की रात्री आठला, हेही टीव्हीवालेच ठरवतात आणि कधीकधी आठवडाभर आधीपर्यंत सांगत नाहीत. लांबून येणाऱ्यानं बेत कसा करायचा? शिवाय हजारो माणसं एका खड्ड्यात बसली की मोबाईलची रेंज जाते, आणि विशीतल्या पोराला ते उपाशी राहण्यापेक्षा कठीण.

मग सुरू झाले नियम. येल विद्यापीठात १९ नोव्हेंबर २०११ ला हार्वर्डशी सामना होता. गाडीतळावरच्या गर्दीत सामानाचा एक भाड्याचा ट्रक घुसला. एक तरुणी मेली, दोघी जखमी झाल्या. त्यानंतर येलनं बिअरची पिंपं आणि असले मोठे ट्रक आणायला बंदी केली आणि ठरवलं की सामना सुरू होताच बाहेरची पंगत उठलीच पाहिजे. हा नियम कुणाला जाचक वाटला असेल, मला नाही वाटत. माणूस गेल्यावर नियम करावा लागला, एवढंच वाईट.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची गोष्ट वेगळी आणि जरा गमतीची. तिथं हाफटाइमला प्रेक्षकांना बाहेर जाऊन परत यायची मुभा होती. लोक गाडीकडं धावायचे, वीस मिनिटांत पोटात मावेल तेवढी दारू ओतायचे आणि झिंगत आत यायचे. काही यायचेच नाहीत. २०११ साली विद्यापीठानं ती मुभा काढून टाकली. एकदा बाहेर पडलात की आज आत प्रवेश नाही. आणि त्याच वर्षी मैदानात रीतसर बिअर विकायला सुरुवात केली. ओरड झाली, विद्येच्या मंदिरात दारू वगैरे. पण पोलिसांकडं जाणारी भांडणं, मारामाऱ्या कमी झाल्या आणि विद्यापीठाच्या खिशात चार पैसे पडले. पुढं इतरांनी तोच रस्ता धरला. दक्षिणेकडच्या एसईसी या मोठ्या संघटनेनं २०१९ मध्ये बंदी उठवली आणि मिशिगनच्या त्या खड्ड्यातही २०२४ पासून बिअर मिळू लागली. मी स्वतः या वस्तूचा भोक्ता नाही, पण हिशेब मला पटतो. मात्र त्या देशात एकवीस वर्षांखालच्याला दारू विकत नाहीत. पदवीच्या वर्गातली बहुतेक पोरं त्याच वयाची! म्हणजे ज्यांना आत आणायचं त्यांना हे आमिष लागूच नाही.

पोरांसाठी अलाबामा विद्यापीठानं जो उपाय काढला तो वाचून मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तिथला संघ इतका जिंकायचा की सामना अर्धा झाला की विद्यार्थी घरी जायचे. प्रशिक्षक निक सेबन चिडायचे. २०१९ मध्ये एक ॲप आलं. मोबाईल खिशात ठेवायचा, तुम्ही मैदानात आहात का हे तो सांगणार. सामन्याला आलात की १०० गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर आणखी २५०. गुण जास्त त्याला अंतिम सामन्यांच्या तिकिटांत आधी नंबर. करमणुकीला हजेरी! आमच्याकडं ७५ टक्क्यांसाठी वर्गात येऊन मागच्या बाकावर झोपणारी मंडळी आहेत, ती मी वीस वर्षं बघतोय. शरीर आत आणता येतं हो. पुढचं काम हजेरीपत्रकाच्या हातात नसतं.

भाच्याच्या विद्यापीठानंही हात पोळून घेतले आहेत. पोरं उशिरा येतात म्हणून २०१३ साली त्यांच्या ठरलेल्या जागा रद्द केल्या आणि 'जो आधी येईल तो पुढं बसेल' असा फतवा काढला. बसच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे सहज जमलं असतं. तिथं पोरं भडकली. जे मित्र चार वर्षं शेजारी बसायचे ते विखुरले. पुढच्याच वर्षी जागा पुन्हा राखून द्यायची पाळी आली, तरी विद्यार्थ्यांची तिकीटखरेदी हजारोंनी घसरली. विरोध एवढा वाढला की ऑक्टोबर २०१४ मध्ये क्रीडा संचालकांना पायउतार व्हावं लागलं आणि २८० डॉलरचा हंगामी पास २०१५ साली १७५ वर आणला गेला. नियम करणाऱ्याला वाटलं, पोरं खेळ बघायला येतात. ती एकमेकांशेजारी बसायला येत होती.

काहींनी मैदानच लहान करायचं ठरवलं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं ४७ हजारांचं जुनं मैदान पाडलं आणि ३५ हजारांचं बांधायला घेतलं. रिकाम्या बाकांपेक्षा कमी बाक बरे. २०२३ पासून घड्याळाचे नियम बदलून खेळ थोडा आटोपशीरही केला आहे.

पण या सगळ्या वाचनात मला एकच जागा सापडली जिथं आत असण्याला दुसरा पर्यायच नाही. आयोवा विद्यापीठाच्या मैदानाला लागून लहान मुलांचं उंच रुग्णालय आहे. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून खाली मैदान दिसतं. २०१७ पासून तिथं पहिला क्वार्टर संपला की खेळ विसरून सगळं मैदान, पाहुण्या संघाचे लोकसुद्धा, त्या खिडक्यांकडं तोंड करून हात हलवतं. सत्तर हजार हात! वरून काचेला नाक लावलेली, डोक्यावरचे केस गेलेली मुलं उलट हात हलवतात. याला कुणी गुण देत नाही. तंबूतल्या टीव्हीपुढं बसून हे करता येत नाही.

हे मी भाच्याला त्या रात्री फोनवर सांगितलं. जरा उपदेशाच्या सुरातच. म्हटलं, "अरे, तिकीट असून बाहेर बसतोस?" तो हसला. "मामा, तुम्ही मला सांगता?" म्हणाला. बहिणीनं त्याला ती गोष्ट सांगितलेली दिसते.

ती गोष्ट अशी. गेल्या डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा अंतिम सामना होता. माझा मुलगा गोलकीपर. दुपारी चारला मी त्याला स्कूटरवरून मैदानावर सोडलं. फाटकाबाहेर चहाची गाडी, गाडीपाशी दोन-तीन सहकारी उभे. वेतन आयोगाची थकबाकी, कुणाची बढती अडली, गरम मिरची भजी. फाटकावरचे वयस्क शिपाईमामा दोनदा बाहेर येऊन म्हणाले, "वळग बर्री सर, शुरु आत." मी दोन्ही वेळा म्हटलं, "बंदे, बंदे." आणि आणखी अर्धा चहा सांगितला. भिंतीपलीकडं एकदा मोठा आरडाओरडा झाला. "कुणीतरी गोल केला वाटतं," असं आमच्यातलंच कुणी म्हणालं, आणि बोलणं पुन्हा थकबाकीवर गेलं. मी आत शिरलो तेव्हा बक्षीस समारंभाच्या खुर्च्या मांडत होते. आमचं कॉलेज जिंकलं होतं. मी टाळ्या वाजवल्या, फोटोत उभा राहिलो.

रात्री जेवताना बायकोनं पोळी वाढता वाढता विचारलं, "पेनल्टी अडवली म्हणे तू?" तो हो म्हणाला. मग माझ्याकडं बघून सहज विचारल्यासारखं म्हणाला, "बाबा, त्यानं कुठल्या बाजूला मारली होती?"

"उजव्या," मी म्हटलं.

तो काही बोलला नाही. आमटी ओरपली, ताट उचललं आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना वाट वाकडी करून मी मैदानाच्या फाटकाशी स्कूटर थांबवली. शिपाईमामांना विचारलं. ते आधी माझ्याकडं बघतच राहिले. मग दोन्ही हात छातीशी घट्ट धरून दाखवत म्हणाले, "नडुव होडदा री, सर. मधोमध. तुमचा पोरगा जागचा हललाच नाही."