मळ्यातला विठोबा
आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरीची वाट धरतात. सावता माळ्याची मात्र निघत नाही. उलट विठ्ठलाचीच पालखी त्याला भेटायला माढा तालुक्यातल्या अरणला येते. वाफ्यांना पाणी देता देता ज्याला देव सापडला, त्याने मळा सोडून जायचं तरी कुठे? आमच्या मंडईतली मावशी याच घराण्यातली असावी. जुडी बांधताना फोन पिशवीत, गिऱ्हाइकाने हाक मारली तरी मान वर नाही. आणि एकट्या राहणाऱ्या आजोबांना न मागता कोथिंबिरीच्या चार काड्या. एकादशी धरता का, असं मावशीला विचारलं. “धरते की. पण दुकान लावून!” पंचांग बघून साबुदाणा भिजवणारा मी जरा ओशाळलोच. तिच्याकडून घेतलेली मेथी मात्र झकास निघाली.