शेवटचा एक इंच

मे महिन्यात आम्ही सगळे सौंसरला जाऊन आलो. सौंसर म्हटले की आपल्याकडची माणसे ‘ते कुठे आले?’ असे विचारतात, म्हणून आधी सांगतो. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की तासा-दीड तासात सौंसर येते. राज्य मध्य प्रदेश. जिल्हा २०२३ पर्यंत छिंदवाडा होता, आता नवा पांढुर्णा. पण बाजारात, बसमध्ये, जामसावळीच्या हनुमानाच्या रांगेत कानावर पडते ती मराठीच. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर मागे राहिले. दुकानाची पाटी एका भाषेत आणि दुकानातले भांडण दुसऱ्या भाषेत, हा प्रकार तिथे मला परका वाटत नाही.

माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. भाऊजींची संत्र्याची बाग. यंदा आंबिया बहाराची फळगळ फार झाली, त्यामुळे घरात हिशेबाचे बोलणे जास्त आणि हसणे कमी. त्यातच भाचा नववीतून दहावीत गेलेला, आणि त्याला वेड तीरकमठ्याचे. जबलपूरला निवड चाचणी होती. मध्य प्रदेशची तिरंदाजी अकादमी जबलपूरला आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य मिळवणारी मुस्कान किरार तिथलीच. भाच्याचे दैवत मात्र नागपूरचा ओजस देवतळे. २०२३ साली बर्लिनला जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत त्याने १५० पैकी १५० गुण घेतले, आणि त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. “मामा, ओजस इथून साठ-सत्तर किलोमीटरवरचा, अन् मले जा लागते जबलपूरले,” असे तो म्हणाला तेव्हा मी काही बोललो नाही. एका राज्याच्या कुशीत राहून दुसऱ्या राज्याचा फॉर्म भरणे आपल्या मुलांना काही नवीन आहे का?

ताईचे म्हणणे एकच. “हे खूळ कर म्हणावं, पण दहावी झाल्यावर. अन् त्याचे बाण तरी कुठं लागून राह्यले?”

ते खरे होते. वर्षभरापूर्वी ३० मीटरवरून बऱ्यापैकी नेम धरणाऱ्या या पोराचे बाण आता खाली पडत होते. एक जागेवर, दोन खाली, एखादा तर मातीत. नेमाचा दोष म्हणावा तर चूक डावी-उजवीकडे व्हायला हवी. इथे सगळी चूक वर-खाली.

ओजस-अदितीचे धनुष्य असते कंपाऊंड. त्याच्या टोकांना चाके असतात, आणि दोरी एका ठरावीक जागी आली की भिंतीला टेकल्यासारखी थांबते. टोकियो ऑलिंपिकला गेलेला आपल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव वापरतो ते रिकर्व्ह. त्यात क्लिकर नावाची एक बारीक पट्टी असते. बाणाचे टोक तिच्यामागून सरकले की ती टक् करून वाजते, म्हणजे ओढ पूर्ण झाली. बांबूच्या धनुष्याला भिंतही नाही आणि टक्‌ही नाही. ओढ पुरी झाली की नाही, हे ओढणाऱ्याच्या अंगालाच कळावे लागते. जुन्या ग्रंथांत वीर ‘आकर्ण’ धनुष्य ओढतात, म्हणजे कानापर्यंत. मी वर्गात हा शब्द कितीदा समजावून सांगितला असेल! पण कानापर्यंत म्हणजे दर वेळी कानाच्या त्याच जागेपर्यंत, हे मला कधी सुचले नव्हते.

बागेची राखण करणारे एक गोंड बाबा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी घरोघरी धनुष्य होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि धनुष्य आढ्याला गेले. ते दोन दिवस बांधावर बसून नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाच बोलावले. “मास्तर, तुमी वढून पाहा.”

मी ओढले. हनुवटीपर्यंत दोरी आली असेल नसेल, हात थरथरायला लागले आणि बाण सुटला. मी सोडला असे म्हणवत नाही, सुटला. दोरीचा फटका डाव्या हाताच्या आतल्या बाजूला असा बसला की चार दिवस निळा डाग मिरवत होतो. दुसऱ्या वेळी फटक्याच्या भीतीने दोरी त्याहूनही अलीकडे सुटली. बाबा म्हणाले, “पाह्यलं? आता पोट्ट्याकडे पाहा. थोबी तसाच भेते. हातानं नोका वढू. पाठीनं वढा.”

पाठीने म्हणजे कसे? दंडाच्या जोरावर ओढले की दंड लवकर थकतो आणि हात नकळत पुढे सरकतो. दोन्ही खवाटे एकमेकांकडे ओढले, कोपर बाणाच्या रेषेत मागे गेले, की भार पाठीच्या मोठ्या स्नायूंवर येतो. मग ओठाच्या कोपऱ्याला तर्जनी टेकवायची. ती टेकली म्हणजे ओढ पुरी. टेकल्यावर तिथेच क्षणभर थांबायचे, आणि थांबताना सुद्धा पाठ ओढतच राहायची, नाहीतर हात बोटभर पुढे येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे ऐकायला सोपे आहे. मला पंधरा दिवसांत जमले नाही.

सुट्टीनंतर कॉलेजात आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना मी हे विचारले. त्यांनी हजेरीपटाच्या मागे हिशेब मांडला. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे, तितका जोर वाढत जातो. दोरी वीस इंच मागे ओढायची असेल, तर त्यातला शेवटचा एकच इंच एकूण शक्तीचा जवळजवळ दहावा हिस्सा देतो. तो इंच राहिला की बाणाचा वेग सुमारे पाच टक्क्यांनी कमी, आणि ३० मीटरवर बाण फूटभर खाली. नेम तोच, हात तोच, आणि बाण मातीत!

सौंसरला मात्र हा हिशेब कुणाजवळ नव्हता. बाबांनी भाच्याला तीन कामे लावली. भावाचे जुने हलके धनुष्य घेऊन नुसते ओढायचे, दहा मोजायचे आणि हळूच परत आणायचे. बाण सोडायचा नाही, आणि बाण नसताना दोरी तर कधीच सोडायची नाही, कारण मग सगळा धक्का धनुष्य स्वतःच खाते आणि तडकते. दुसरे, गवताच्या भाऱ्यापासून पाच पावलांवर उभे राहून, भाऱ्याकडे तोंड करून डोळे मिटून मारायचे. नेमच नाही, तर घाई कसली? तिसरे, बाजूला कुणीतरी उभे राहून बाणाला बांधलेला लाल दोरा मुठीपाशी येतो का ते बघायचे.

हे तिसरे काम आमच्या सौ.कडे आले. ती कन्नड माहेरची. दोरा अलीकडे राहिला की ओरडायची, “पूर्ती एळी!” दोन दिवसांत सौंसरची सगळी पोरे ‘पूर्ती एळी’ म्हणायला लागली. तिनेच मला सांगितले की धनुष्याच्या दोरीला कन्नडमध्ये म्हणतात ‘हेदे’, आणि छातीला ‘एदे’. आपल्याकडच्या बोलण्यात कधी ‘ह’ गळतो, मग दोन्ही एकच. भाषाशास्त्रात याला काही आधार आहे असे माझे म्हणणे नाही, पण भाच्याला ते फार आवडले.

आठवडाभराने भाच्याचा लाल दोरा दर वेळी बरोबर मुठीला येऊ लागला. तरी बाण खाली! मग मात्र आम्ही सगळे गप्प झालो. ताई म्हणाली, “झालं समाधान?” आणि आत निघून गेली.

उलगडा तिनेच केला. शाळेच्या गणवेशाचे माप घ्यायला तिने रात्री टेप काढली आणि म्हणाली, “गेल्या वर्षीचा शर्ट मनगटाच्या वर जाऊन राह्यला याचा.” मी उठून बसलो. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात माप घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे, म्हणजे आपली ओढ अंदाजाने कळते, असे भाचाच मला पहिल्या दिवशी सांगत होता. माप घेतले. साडेसदुसष्ट. म्हणजे सत्तावीस इंच. लाल दोरा होता पंचविसावर, गेल्या वर्षी बांधलेला! पोर वाढले आणि दोरा तिथेच. बिचारा अंग आखडून, कोपर दुमडून जुन्या खुणेवर थांबत होता. ना पाठ लागत होती, ना हात स्थिर राहत होता. आणि आम्ही शहाणी माणसे आठवडाभर त्याला त्याच खुणेवर पक्के करत होतो.

दोरा सरकवून भागणार नव्हते. बाण आखूड असेल तर पुऱ्या ओढीत त्याचे टोक मुठीच्या आत येते, आणि मग तो हातात घुसायची भीती. बाबांनी धनुष्य चौथ्या दिवशी थोडे-थोडे करत सत्तावीसपर्यंत ओढून तपासले, कारण बांबूलाही त्याची हद्द असते. नवे लांब बाण नागपूरहून आणले. पैसे मी देत होतो, भाऊजींनी घेऊ दिले नाहीत. संत्र्याच्या वर्षात ते त्यांना जड गेले असणार.

चाचणीत भाच्याची निवड झाली नाही. बाण खाली पडले नाहीत, एवढे तो फोनवर दोनदा म्हणाला. दहावीनंतर पुन्हा जाईन म्हणतो. ताई त्यावर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पण दर दोन महिन्यांनी ब्लाऊजच्या मापाची टेप घेऊन ती त्याला भिंतीशी उभे करते. परवा तिचा फोन आला. तब्येतपाणी विचारायच्या आधी म्हणाली, “साडेअडुसष्ट झाले रे. याले अडीचनं भाग बरं.”