झोपलेल्या मुलीचा होकार

झोपलेल्या राजकन्येची गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकली आहे. शापामुळे राजकन्येच्या बोटाला चातीचे टोक टोचते, ती शंभर वर्षे झोपते. मग राजपुत्र येतो, तिचे चुंबन घेतो, ती जागी होते आणि लग्न लागते. तिला कुणी विचारले का, हा प्रश्न गोष्टीत कुठेच येत नाही. आपल्याकडची अहल्याही शिळा होऊन पडते आणि पुरुषाच्या स्पर्शानेच उठते.

ही गोष्ट पहिल्यापासून अशीच नव्हती. इटलीच्या बासिले यांच्या १६३६ साली छापलेल्या गोष्टीत राजा झोपलेल्या तालियावर बळजबरी करून निघून जातो आणि ती झोपेतच जुळ्यांना जन्म देते. फ्रान्सच्या पेरो यांनी १६९७ साली गोष्ट सभ्य केली. त्यांच्या गोष्टीत चुंबन नाहीच. राजपुत्र नुसता गुडघे टेकतो, शापाची मुदत संपलेली असते, ती आपली आपण जागी होते. चुंबन आले ते जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात. पुढे १८९० साली रशियात चायकोव्हस्की यांचे संगीत आणि पेतिपा यांचे नृत्यदिग्दर्शन असलेला बॅले रंगमंचावर आला, आणि चुंबनाशिवाय ही गोष्ट सांगताच येत नाही असे सगळ्यांना वाटू लागले.

या बॅलेची इंग्लंडचे नृत्यदिग्दर्शक मॅथ्यू बोर्न यांनी २०१२ साली नव्याने मांडणी केली. तिचे चित्रण मी लॅपटॉपवर पाहिले. बोर्न यांना जुन्या गोष्टीतली खोट नेमकी कळली आहे. अनोळखी माणूस येऊन झोपलेल्या मुलीचे चुंबन घेतो, हे प्रेम कसे? म्हणून त्यांनी प्रियकर आधीच आणला. त्यांची ऑरोरा अनवाणी नाचणारी, हट्टी, स्वतःच्या मनाची मुलगी आहे. राजवाड्याच्या रानाची राखण करणाऱ्या लिओवर ती आपणहून प्रेम करते. ती झोपल्यावर लिओही शंभर वर्षे टिकावा म्हणून त्याला रक्तपिपासू केले जाते. शाप देणारीचा मुलगा काराडॉक झोपलेल्या मुलीवर हक्क सांगत राहतो. लिओच्या चुंबनाने ती जागी होते खरी, पण काराडॉक तिला स्वतःशी लग्न लावायला घेऊन जातो. झोपलेल्या बाईवर हक्क सांगणारा माणूस इथे खलनायक आहे, हे मला आवडले.

तरीही माझे समाधान झाले नाही. बोर्न यांचे उत्तर असे की, चुंबन घेणारा तिच्या ओळखीचा होता, तिचे त्याच्यावर प्रेम होते. म्हणजे तिचा जुना होकार आजच्या होकाराच्या जागी धरायचा. ज्या क्षणी विचारायला हवे, त्या क्षणी ती या बॅलेतही झोपलेलीच आहे.

लंडनच्या बॅलेशी हेमलकशाचा काय संबंध, असे कुणी विचारील. मी या भागातल्या गावांत मुलींबरोबर काम करते, म्हणूनच मला हा संबंध दिसतो. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले देसाईगंज, म्हणजे वडसा, १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबानंतर थांबवून घेतले गेले. तिची माणसे बाहेर उभी होती. आत आपल्यावर बलात्कार झाला, अशी तिची तक्रार होती. हाच मथुरा खटला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायाधीशांचे म्हणणे होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे पटत नाही, तेव्हा संमती असणार! तिला प्रियकर होता, तिला संभोगाची सवय होती, हेही निकालपत्रांत आले.

इथेही जुना होकार तिच्याविरुद्ध वापरला गेला. आणि ही मुलगी तर झोपलेलीही नव्हती. तिने तक्रार दिली, कोर्टात उभी राहून साक्ष दिली. जाग्या मुलीचे बोलणे न्यायालयाला ऐकू आले नाही.

१९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, म्हणजे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संभोग झाल्याचे सिद्ध झाले आणि बाईने कोर्टात संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे कोर्टाने धरून चालायचे. २०१३ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट झाले की, प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही आणि संमती कळवण्याच्या स्थितीत नसलेल्या बाईशी केलेला संभोग हा बलात्कारच. झोपलेल्या मुलीचा विचार कायद्यात यायला एवढी वर्षे लागली.

पण ओळखीच्या माणसाची सवलत अजून पुरती गेलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही नवऱ्याला वगळले आहे. बायको अठरा वर्षांखालची नसली की तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. लग्नाच्या दिवशीचा एक होकार जन्मभर पुरतो, असे कायदा मानतो. बोर्न यांचा लिओ सज्जन आहे, हे मला मान्य. पण ‘ओळखीचा होता, प्रेम होते’ हे उत्तर किती नवऱ्यांच्या आणि प्रियकरांच्या तोंडी आपण ऐकले आहे!

कुणी म्हणेल, परीकथेला एवढे ताणू नका, चुंबन हे प्रेमाचे प्रतीक आहे. असेल. पण मग पेरो यांच्या गोष्टीत चुंबनावाचून काय अडले? मुलगी आधी जागी होऊ दे, समोरच्याला नीट पाहू दे आणि मग हो किंवा नाही म्हणू दे.

नाचातही बाईच्या शरीराबद्दल काही सांगितलेले असते. जुन्या बॅलेत ऑरोरा एका पायाच्या बोटांच्या टोकावर तोल सांभाळते आणि चार राजपुत्र पाळीपाळीने हात धरून तिला फिरवतात. इथे माडिया बाया रेला नाचतात तेव्हा एकमेकींना धरून ओळीने पावले टाकतात आणि सगळ्यांचे पाय जमिनीवर असतात. म्हणून इथे सगळे आलबेल आहे असे नाही. पाळीच्या दिवसांत याच बाईला गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते, आणि त्याबाबतही तिला कुणी विचारलेले नसते.

शेवटी एक प्रश्न आपल्याच चळवळीसाठी. बायकांना जागे करायचे, जागृती करायची, हे शब्द आपल्या तोंडी सतत असतात. शहरातून जंगलात येणाऱ्या कार्यकर्तीला इथली बाई झोपलेली आहे असे वाटत असेल, तर तिनेही राजपुत्राचीच जागा घेतलेली असते. वडशाची मुलगी जागीच होती, कमतरता ऐकणाऱ्यांची होती. यापुढे शिबिरात ही गोष्ट सांगाल तेव्हा चुंबनाच्या आधी थांबा. पुढे काय व्हावे ते मुलींना ठरवू द्या आणि त्या काय म्हणतात ते लिहून ठेवा.