घर आणि हवा

मनुष्यास चार भिंती दिल्या म्हणजे त्याचें पुनर्वसन झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हें आमच्या ट्रॉम्बेकडे पाहिलें असतां ध्यानांत येतें. १९७६ सालीं जनता कॉलनीच्या रहिवाशांस उठवून खाडीकांठच्या दलदलींत, चीता कॅम्प येथें, वसविण्यांत आलें. पुढें २०१७ सालीं तानसा जलवाहिनीलगतचीं अनेक कुटुंबें माहुलास पाठविण्यांत आलीं. घरें पक्कीं खरीं. पण शेजार तेलशुद्धीकरण कारखान्यांचा! तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालींच सांगितलें होतें. अखेर २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें आज्ञा केली कीं, या कुटुंबांवर माहुलची सक्ती नको. अन्यत्र राहण्यासाठीं त्यांस दरमहा १५,००० रुपये भाडें द्यावें.

अन्न निवडून खातां येतें, पाणी उकळून पितां येतें. श्वास मात्र कोणासही टाळतां येत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, घराची किल्ली देण्यापूर्वीं तेथील हवापाण्याची परीक्षा व्हावी व तिचा निकाल रहिवाशांस कळवावा. पालकहो, विद्यार्थिमित्रहो, ही मागणी दयेची नव्हे, न्यायाची आहे. जी हवा आपल्या मुलांस नको, ती शेजाऱ्याच्या मुलांस देणें हा शेजारधर्म नव्हे.