फिरकीचा तांब्या

जुन्या कोकण बोटीचा रिवाज काय? डेकवर वळकटी पसरायची आणि फिरकीचा तांब्या उशाशी ठेवायचा. गोडं पाणी घोटाघोटानं प्यायचं!

2018 साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' जहाज सुरू झाले आणि प्रवासाची सहल झाली. आम्हीही गेलो. सौभाग्यवतींनी केबिनमधल्या शॉवरखाली अर्धा तास काढला.

"अहो, भर समुद्रात एवढं गोडं पाणी येतं कुठून?"

"तुझ्या माहेरून!"

माहेर शहापूर. तालुक्यातला तानसा तलाव 1892 पासून मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे भातसाही त्याच सेवेत रुजू झाली. जहाज पाणी भरणार मुंबईत, म्हणजे बहुधा आमचेच! आणि एप्रिल उजाडला की धरणालगतच्या पाड्यांवर टँकरची वाट. शेजारच्या मुरबाडातही हंड्यांच्या रांगा.

बँकेत ठेव ज्याची, पैसे त्याला. इथे ठेव शहापूरची, चेक वटतो मुंबईत आणि ठेवीदाराच्या हाती नुसते टोकन! मुंबईने तहानलेले राहावे असे कोण म्हणतो? पण पहिला हंडा ठेवीदाराचा, एवढा तरी नियम करा!

खलाशी पाणी मोजून पीत, कारण भोवती समुद्र होता. आमच्या पाड्यांनी का मोजावे? त्यांच्या भोवती तर धरण आहे!